लक्षांत घेणारी कोण?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बोईसरला आमचा एक वाचनगट आहे. महिन्यातून एका रविवारी दुपारी जमतो. तारापूर औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जाणाऱ्या सात-आठ जणी, सातपाटीच्या दोघी, पालघरच्या कॉलेजातल्या तीन-चार मुली आणि जव्हारकडून दोन गाड्या बदलून येणारी एक अंगणवाडी सेविका, एवढाच पसारा. पाळी सुटली की कोणी येते, कोणाला ऐनवेळी ओव्हरटाइम लागला की येत नाही. त्या दिवशी एक मैत्रीण उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी बांधून आली होती. कामावर हातावर रसायन सांडले होते. ठेकेदाराच्या हजेरीवरची बाई, तेव्हा आधी तिला घरी पाठवले आणि चौथ्या दिवशी बोलावून एका कागदावर सही घेतली. कागदावर लिहिले होते की सदर महिला कामगाराने हातमोजे न घालता निष्काळजीपणे काम केले. हातमोजे तिला कधी मिळालेच नव्हते.

ती रडली वगैरे नाही. एवढेच म्हणाली, "सही माझी आहे, पण बोलणं दुसऱ्याचं आहे."

त्या महिन्यात आम्ही हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' वाचत होतो. कोणाच्या तरी चटकन लक्षात आले की इथे बरोबर उलटा प्रकार आहे. बोलणे यमूचे आहे आणि सही हरिभाऊंची. त्या दुपारी पुस्तक बाजूला राहिले आणि वाद सुरू झाला तो तीन महिने चालला. बाईचे म्हणणे दुसऱ्याने लिहावे का? लिहिले तर ते तिचे राहते का? चांगल्या मनाने लिहिलेले आणि वाईट मनाने लिहिलेले, यात फरक तो किती? या अंकाचे संपादकीय त्या वादातून आले आहे. कादंबरीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला लिहायचे आहे ते हरिभाऊंच्या 'स्फुट गोष्टीं'बद्दल आणि त्यांच्या टीकालेखनाबद्दल, कारण आमच्या गटाला खरे बळ तिथे मिळाले आणि खरे भांडणही तिथेच झाले.

आधी थोडी ओळख. हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. आपण ज्या तारखेला मोर्चे काढतो त्याच तारखेचा हा जन्म निव्वळ योगायोग, पण आमच्या गटातल्या मुलींना त्याची गंमत वाटली. त्यांना बी. ए. होता आले नाही. पुण्याला आनंदाश्रमाचे काम पाहत आणि नगरपालिकेच्या राजकारणात वावरत त्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि १९१७ पर्यंत चालवले. 'पण लक्षांत कोण घेतो?' त्यातूनच क्रमशः आली, १८९० ते १८९३ या काळात. म्हणजे रखमाबाईंचा खटला नुकताच संपला होता, संमतिवयाच्या बिलावरून पुण्यात एकमेकांची डोकी फुटायची पाळी आली होती, आणि १८९१ साली कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारावर नेले. अशा दिवसांत दर आठवड्याला एक मुलगी 'मी' म्हणून बोलते आहे, सासर-माहेरचे सांगते आहे, आणि शेवटी विधवा झाल्यावर तिचे केस जबरदस्तीने उतरवले जातात. घराघरांतून ही कादंबरी मोठ्याने वाचली जात असे.

याच १८९० साली मुंबईत आणखी एक गोष्ट घडली, ती शाळेच्या पुस्तकात सहसा नसते. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असे ठरवले. हरिभाऊंनी यमूचे दुःख लिहिले. या माणसांनी हातातला वस्तरा खाली ठेवला. आपल्याला दोन्हींची गरज आहे, आणि एकाचे नाव घेताना दुसऱ्याचे विसरू नये म्हणून हे इथे नोंदवतो.

आता गोष्टींकडे येऊ. हरिभाऊ आपल्या लघुकथांना 'स्फुट गोष्टी' म्हणत. पुढे त्या याच नावाने पुस्तकरूपाने निघाल्या. 'स्फुट' म्हणजे सुटे, किरकोळ. साप्ताहिकाची पाने भरायची असत, कादंबरीच्या प्रकरणाशेजारी एखादी गोष्ट टाकायची असे, तसा हा प्रकार सुरू झाला. त्या आधीच्या मराठी गोष्टींत राजपुत्र, पोपट, जादू आणि उपदेश यांची गर्दी होती. हरिभाऊंनी गोष्ट आपल्या आळीत आणली. नोकरीवाला नवरा, त्याची बायको, शिकलेला मुलगा आणि न शिकलेली आई, आजार, कर्ज, गैरसमज. 'डिस्पेप्शिया' हे एका गोष्टीचे नावच पाहा. पोटाच्या दुखण्यावर मराठीत गोष्ट होऊ शकते, हे तेव्हा नवे होते.

त्या सगळ्या उत्तम आहेत असे म्हणायला आम्ही तयार नाही. पुष्कळ गोष्टी पसरट आहेत. लेखक मध्येच थांबून वाचकाशी बोलू लागतो, कोणाचे काय चुकले ते समजावून सांगतो, आणि शेवट आधीच कळतो. पॅकिंगवाल्या एका मैत्रिणीने म्हटले, "हे आमच्या सुपरवायझरसारखं झालं. काम दाखवतो आणि पाठीमागे उभाही राहतो." पण तिनेच पुढच्या खेपेला सांगितले की घरी तिने त्यातली एक गोष्ट सासूला वाचून दाखवली आणि सासूने ती मध्ये थांबू दिली नाही. मोठी कादंबरी वाचायला जिच्याजवळ वेळ नाही, तिला अर्ध्या तासात पुरी होणारी गोष्ट हवी असते. बायकांच्या वेळेचे हे गणित हरिभाऊंना संपादक म्हणून कळले असावे, असे 'करमणूक' पाहताना वाटते.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही घालवला तो 'काळ तर मोठा कठीण आला' या गोष्टीवर. दुष्काळात सापडलेल्या गरीब कुटुंबाची ही गोष्ट. मराठी कथेच्या इतिहासात तिला मान आहे, कारण पुण्याच्या वाड्यांतून बाहेर पडून तिने उपाशी माणसाकडे पाहिले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत महाराष्ट्रावर दोन मोठे दुष्काळ कोसळले होते. त्या भुकेची झळ या गोष्टीत आहे आणि ती वाचताना आजही घास घशाखाली उतरत नाही.

ती वाचून झाल्यावर जव्हारकडची अंगणवाडी सेविका बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हा काळ गेला कधी?"

आपल्यापैकी जुन्या कार्यकर्त्यांना १९९२-९३ चे वावर-वांगणी आठवत असेल. जव्हार तालुक्यातल्या त्या पाड्यांवर लहान मुले कुपोषणाने गेली, तेव्हा मुंबईहून मंत्री, वार्ताहर आणि आपणही धावत गेलो. नंतर योजना आल्या. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर हा वेगळा जिल्हा झाला, म्हणजे आता साहेब जवळ आला असे वाटले. २०१५ च्या शेवटी गरोदर आणि बाळंत आदिवासी बायांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना आली. आणि २०१६ मध्ये मोखाडा-जव्हारमधल्या बालमृत्यूंच्या बातम्या पुन्हा पहिल्या पानावर होत्या.

सेविकेचे दुसरे वाक्य अधिक टोचणारे होते. "गोष्टीचं नाव मला पटलं नाही. काळ कसा येईल आपोआप? कोणीतरी आणतो तो." आता 'काळ मोठा कठीण आला' ही लोकांच्याच तोंडची बोलण्याची रीत आहे, हरिभाऊंनी ती तिथूनच उचलली आहे, हे तिला आम्ही सांगितले. तिने मान्य केले, पण मुद्दा सोडला नाही. भात कापून झाले की रोजगार नाही, म्हणून दिवाळीनंतर घर बंद करून वीटभट्टीवर जावे लागते. भट्टीवर अंगणवाडी नसते. मुलीचे लग्न लवकर होते, तिच्या अंगात रक्त नसते, आणि तिचे बाळ दोन किलोचे जन्मते. यातले काय काळाने केले? असे ती विचारत होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका मान्यवर लेखकाच्या गोष्टीच्या नावाची तिने चिकित्सा केली होती, तीही नेमकी. विद्यापीठात याला समीक्षा म्हणतात. तिला तो शब्द माहीत नव्हता.

इथे हरिभाऊंच्या टीकालेखनाकडे वळायला हवे. ते कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीला येण्याआधी टीकाकार होते. गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर १८८३ साली केले, त्यावर विशीसुद्धा न गाठलेल्या हरिभाऊंनी लांबलचक परीक्षण लिहिले. लिहिणारा विद्यार्थी आणि पुस्तक आगरकरांचे! पण मोठ्या माणसाचे पुस्तक म्हणून हात आखडता घ्यावा असे त्यांना वाटले नाही. पुढे 'विदग्ध वाङ्मय' या व्याख्यानात त्यांनी साहित्याची आपली कल्पना मांडली. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठात मराठी भाषेवर त्यांनी व्याख्याने दिली. लिहिणाऱ्याने लिहिण्याचा विचारही केला पाहिजे, हे त्यांनी आयुष्यभर पाळले.

'विदग्ध' या शब्दावरून आमच्याकडे एक दुपार गेली. संस्कृतात 'दह्' म्हणजे जाळणे. विदग्ध म्हणजे चांगले भाजून, पोळून निघालेले, आणि त्यावरून मुरलेले, जाणते, रसिक. कॉलेजातल्या मुलीने कोशातून हे शोधून आणले तेव्हा पट्टीवाली मैत्रीण हसून म्हणाली, "मग ते वाङ्मय आमचंच की." सगळ्या हसल्या. पण त्या हसण्यात एक हक्क सांगितला गेला होता. विदग्ध कोण, हे ठरवण्याचा अधिकार आजवर कोणाकडे होता?

हरिभाऊंच्याच काळात काशीबाई कानिटकर लिहीत होत्या. १८६१ चा जन्म, चोरून-मारून शिकलेल्या, हरिभाऊंच्या स्नेही. दोघांचा पत्रव्यवहारही झाला. आनंदीबाई जोशींचे चरित्र त्यांनी लिहिले, 'रंगराव' ही कादंबरी लिहिली, 'चांदण्यातील गप्पा' हा गोष्टींचा संग्रह काढला, आणि 'पालखीचा गोंडा'मध्ये बायकांनी चालवलेल्या संस्थानाचे चित्र रंगवले. आज हरिभाऊंची पुस्तके वाचनालयात मिळतात. काशीबाईंचे एखादे पुस्तक पालघर-बोईसरच्या वाचनालयांत मागून पाहा. त्यांच्या आधी, १८८२ साली, ताराबाई शिंदे 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून गेल्या होत्या. तेही पुस्तक अनेक दशके अंधारात होते आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा छापले तेव्हा आपल्या हाती आले. यमूचे 'मी' अभिजात ठरले. ज्या बायकांनी स्वतःच्या सहीने लिहिले त्यांना मात्र शोधून काढावे लागते. हा दोष हरिभाऊंचा नाही. पुस्तके कोणती जपायची आणि कोणती शिकवायची हे ज्यांनी ठरवले त्यांचा आहे.

म्हणून टीका लिहिणाऱ्या बाईचे मोल मोठे. कुसुमावती देशपांडे नागपूरला इंग्रजी शिकवत आणि कथा लिहीत. 'दीपकळी', 'दीपदान', 'मोळी' हे त्यांचे कथासंग्रह. १९५० नंतर त्यांनी 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा ग्रंथ दोन भागांत लिहिला, आणि मराठी कादंबरीच्या शंभर वर्षांचा हिशेब एका बाईने मांडला. हरिभाऊही त्या हिशेबात आले. १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनात त्या अध्यक्ष झाल्या. १८७८ पासून चालत आलेल्या संमेलनाला पहिली बाई अध्यक्ष मिळायला इतकी वर्षे लागली. त्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये दिल्लीला तारा भवाळकर. दिल्लीपर्यंतची अठ्ठ्याण्णव संमेलने, सहा बाया.

आणि तरीही आमच्या गटातला एक प्रश्न शिल्लकच राहतो. हरिभाऊ पुण्यात यमूची कथा लिहीत होते तेव्हा आपल्या याच भागात, जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या जंगलपट्टीत, वारली बाई काय जगत होती? वारल्यांचे लग्न लावते ती धवलेरी, एक बाई. तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. यमूला जे स्वप्नातही दिसले नसते ते इथे रीतीतच होते. पण याच लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापायी नवरा 'लग्नगडी' व्हायचा आणि नवरा-बायको दोघेही जमीनदाराच्या घरी वेठीला जुंपली जायची. या बाईची गोष्ट 'करमणूक'मध्ये आली नाही. ती मराठीत आली गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकातून, १९७० साली, वारल्यांच्या १९४५ च्या लढ्याला पंचवीस वर्षे होऊन गेल्यावर. गोदाताईही बाहेरच्याच. पण त्यांनी वारली बाईच्या तोंडी 'मी' घातला नाही. आपण काय पाहिले, आपण काय शिकलो, हे त्यांनी स्वतःच्या नावाने सांगितले.

तेव्हा वादाचे उत्तर आम्हाला असे सापडत गेले. दुसऱ्याने लिहूच नये असे नाही. हरिभाऊंनी लिहिले नसते तर कित्येक घरांत यमूचा आवाज पोचलाच नसता. पण लिहिणाऱ्याने आपली जागा लपवू नये, आणि जिच्याबद्दल लिहिले तिला ते वाचून "हे माझे नाही" असे म्हणण्याची सोय असावी. यमूला ती नव्हती, कारण ती कल्पनेतली. आमच्या मैत्रिणीला मात्र ती असायला हवी होती. तिला कागद वाचूनही दाखवला नव्हता.

इथे आपल्यालाही आरशासमोर उभे राहिले पाहिजे. आपल्या संघटनांच्या कपाटांत किती बायांच्या हकिकती पडून आहेत? आपण त्यांना 'केस' म्हणतो. केस क्रमांक, वय, विवाहित की परित्यक्ता, तक्रारीचे स्वरूप, केलेली कार्यवाही. कोर्टासाठी हे लागते, निधी देणाऱ्यांच्या अहवालासाठीही लागते, मान्य. पण पाच रकान्यांत बसवताना बाईने सांगितलेल्यातले काय गळते, याचा विचार आपण कितीदा केला? अणुशक्ती केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या घरांतल्या बायांनी आपल्या विहिरीबद्दल, वाडीबद्दल, समुद्राच्या वाटेबद्दल जे सांगितले ते कोणत्या रकान्यात बसते? वाढवण बंदराला केंद्राने २०२४ साली मंजुरी दिली. किनाऱ्यावरच्या कोळणी सुकी मासळी, ओटी आणि भरती-ओहोटीचे जे हिशेब मांडतात, ते हरकतींच्या छापील अर्जात उतरतात का? आपणही चांगल्या मनाने का होईना, दुसऱ्याच्या सहीवर आपले बोलणे चढवत असू, तर त्या ठेकेदाराच्या कागदाहून आपले कागद किती वेगळे?

पट्टीवाल्या मैत्रिणीचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे. गटातल्या दोघींनी तिच्याजवळ बसून तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत उतरवले. तीनदा वाचून दाखवले. दोन वाक्ये तिने काढायला लावली आणि एक घालायला लावले: 'हातमोजे मागितले तेव्हा उद्यापासून येऊ नकोस असे सांगितले.' त्या अडीच पानांवर तिने डाव्या हाताने सही केली. भरपाईचे भांडण अजून चालू आहे आणि ते सोपे नाही, कारण आधीच्या कागदावरची सहीही तिचीच आहे. पण आता दुसरा कागद आहे.

पुढच्या अंकापासून आम्ही 'स्फुट' नावाचे सदर सुरू करत आहोत. नाव हरिभाऊंकडून घेतले आहे आणि ऋण मान्य आहे. एक-दोन पानांची गोष्ट पाठवा. स्वतःची लिहा, किंवा जी लिहू शकत नाही तिची उतरवून घ्या. उतरवून घ्याल तर लिहिणारीचे नाव वेगळे द्या. वाडवळी, कोळी, वारली, जशी बोलली तशी भाषा ठेवा, 'शुद्ध' करू नका. पाठवण्याआधी तिला वाचून दाखवा. नाव छापायचे की नाही हे ती ठरवील. आणि सोबत आणखी एक पान पाठवा: तुम्ही वाचलेल्या कोणत्याही पुस्तकाबद्दल, मग ते कितीही मोठ्या लेखकाचे असो, तुम्हाला काय पटले आणि काय पटले नाही. आगरकरांच्या पुस्तकाचे परीक्षण लिहायला हरिभाऊ पदवी घेईपर्यंत थांबले नाहीत. आपणही थांबायचे कारण नाही.

हरिभाऊंनी विचारले होते, लक्षांत कोण घेतो? आता विचारायचे ते आपण आपल्याला. आपल्या गटातली एक बाई बोलू लागते तेव्हा आपल्यापैकी लक्षांत घेणारी कोण आहे? तुमच्या पत्रांची वाट पाहतो.

— संपादक मंडळ